‘दुर्लक्ष कर’ हे औषध नव्हे

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या, की पनवेलच्या एस.टी. स्थानकात आणि रेल्वेच्या फलाटावर ट्रंका, वळकट्या आणि लाडू-चिवड्याचे डबे उतरू लागतात. महाड-पोलादपूरकडची, श्रीवर्धन-म्हसळ्याकडची, शिवाय घाटावरची मुले-मुली शिक्षणासाठी इकडे येतात. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर या पट्ट्यात अभियांत्रिकीपासून वैद्यकीयपर्यंत अनेक शाखांची महाविद्यालये उभी राहिली आहेत. महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक. नाही तर खाजगी वसतिगृह, किंवा चार-सहा जणांनी मिळून ‘कॉट बेसिस’वर घेतलेला फ्लॅट.

मुलाला किंवा मुलीला सोडायला आलेले पालक जागा पाहतात आणि ठरावीक प्रश्न विचारतात. गेट किती वाजता बंद होते? वॉचमन आहे का? बाहेरच्यांना आत सोडतात का? मेसचे जेवण कसे आहे? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण त्यांत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न राहून जातो, असे माझे मत आहे. तो प्रश्न असा : इथे राहणाऱ्या मुलाने काही तक्रार सांगितली तर ती कोण ऐकून घेतो, आणि त्यानंतर काय होते?

या आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आहे. वसतिगृहातील आजार आणि अपघात बहुधा एकाएकी कोसळत नाहीत. त्यांची पहिली खूण कोणाला ना कोणाला आधी दिसलेली असते. पाण्याला वास येतो, आंघोळीनंतर डोके दुखते, जिन्यातला दिवा महिनाभर बंद असतो, एखादा माणूस नको तसा पाहतो, खोलीतला सोबती जेवायला येईनासा होतो. मूल हे कोणाला तरी सांगते. आणि उत्तर मिळते, ‘दुर्लक्ष कर, अभ्यासाकडे लक्ष दे.’ हे उत्तर रेक्टर देतात, घरमालक देतात आणि, वाईट वाटते पण सांगितले पाहिजे, पुष्कळदा आई-वडीलही देतात.

पाणी आणि पिवळे डोळे

पाण्यापासून सुरुवात करू. अ प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरते. तिचे जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस, सरासरी चार आठवडे जातात. लहान मुलांमध्ये हा आजार पुष्कळदा लक्षातही येत नाही. पण अठरा-वीस वर्षांच्या तरुणांना तो चांगलाच आडवा पाडतो. आता याचा अर्थ लक्षात घ्या. आज वसतिगृहात एकाचे डोळे पिवळे दिसले, तर जंतू पाण्यात किंवा जेवणात सुमारे महिन्यापूर्वी आलेले असतात. तेच पाणी इतरांच्याही पोटात गेलेले असते. म्हणून पहिल्या रुग्णालाच महत्त्व आहे. त्याने रेक्टरला सांगितले, रेक्टरने टाकी तपासली, महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळविले, तर पुढचे रुग्ण थोडक्यात आटोपतील. पण प्रत्यक्षात काय होते? मुलगा गुपचूप गावी निघून जातो. तिथे कोणी कावीळ उतरविणारा गाठतात, गळ्यात माळ घालतात, झाडपाल्याचा रस पाजतात. इकडे वसतिगृहात टाकी तशीच, आणि पंधरा दिवसांनी आणखी चौघे आजारी.

पनवेल शहराला देहरंग धरणाचे पाणी मिळते. उन्हाळ्यात ते पुरत नाही आणि टँकरची वाट पाहावी लागते, हे पनवेलकरांना सांगायला नको. पाणी कमी दाबाने किंवा खंडित येते तेव्हा गळक्या नळातून बाहेरची घाण आत ओढली जाण्याचा धोका वाढतो. म्हणून इमारतीची टाकी दर सहा महिन्यांनी धुतली गेलीच पाहिजे आणि धुतल्याची तारीख टाकीवर ठळक रंगविली पाहिजे. बऱ्याच सोसायट्या तसे करतात. वसतिगृहांनी का करू नये?

जेवणाचेही तसेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनाच्या मुलींच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर पन्नासच्या आसपास मुलींना विषबाधा होऊन रुग्णालयात न्यावे लागले. एका पातेल्यातून शंभर जण जेवतात तिथे एका चुकीची किंमत शंभर जण मोजतात. मेसमध्ये उरलेला भात तासन् तास बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकण्याची पद्धत असेल, तर ती पहिल्या दिवशी मुलांनाच कळते. ती त्यांनी सांगावी कोणाला?

आंघोळीनंतरची डोकेदुखी

खाजगी फ्लॅटमध्ये एक वेगळा धोका असतो, तो म्हणजे गॅस गीझर. न्हाणीघर लहान, खिडकी बंद, आणि आत गीझर पेटलेला. पुरेशी हवा न मिळता गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासाबरोबर रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. मग माणूस बेशुद्ध पडतो. सकाळच्या घाईत एकामागून एक चौघांनी आंघोळ केली, तर शेवटच्याला सर्वांत जास्त वायू मिळतो. ‘आंघोळ केली की डोके दुखते’ ही तक्रार म्हणूनच थट्टेवारी नेण्यासारखी नाही. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. तो बाहेर हलविण्याचा खर्च घरमालकाने करावा. तोवर बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, खिडकी उघडावी आणि मगच आंघोळ करावी. कोणी आत बेशुद्ध पडले तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विजेचाही हाच हिशेब. एका सॉकेटला तीन पिना जोडून त्यावर मोबाइल, लॅपटॉप आणि पाणी तापविण्याचा रॉड लावलेला असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये चंदीगडच्या सेक्टर ३२ मधील एका खाजगी वसतिगृहाला आग लागून तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. घरात जास्तीत जास्त कॉट मावाव्यात म्हणून खोल्यांचे कप्पे करायचे, खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या ठोकायच्या आणि बाहेर पडायला एकच दार ठेवायचे, हा प्रकार आपल्याकडेही दिसतो. चोर आत येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त आगीच्या वेळी आतल्या माणसाला बाहेर जाऊ देत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कुलूप बाहेर, धोका आत

आता नाजूक पण टाळता न येणारा विषय. ६ जून २०२३ रोजी मुंबईत चर्नी रोड येथील मुलींच्या शासकीय वसतिगृहात चौथ्या मजल्यावरील खोलीत अठरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा मृतदेह आढळला. तिच्यावर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला होता. विदर्भातून शिकायला आलेली ही मुलगी सुटीमुळे त्या मजल्यावर जवळजवळ एकटीच उरली होती. पोलिसांना ज्याच्यावर संशय होता तो बाहेरून भिंत चढून आलेला नव्हता. तो वसतिगृहातच अनेक वर्षे काम करणारा सुरक्षारक्षक होता, आणि त्याच दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेच्या रुळांवर सापडला. त्या माणसाच्या वागण्याबद्दल मुलीने आधी सांगितले होते, असे तिच्या कुटुंबीयांचे म्हणणे नंतर वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले.

या घटनेने राज्य हादरले. पण आपण त्यातून काय शिकलो? बहुतेक ठिकाणी गेट आणखी अर्धा तास आधी बंद करण्याची चर्चा झाली. मुलींना कोंडून घेणे हा आपला जुना, हाताशी असलेला उपाय आहे. परंतु चर्नी रोडला गेट उघडे होते म्हणून हे घडले नाही. एक मुलगी एका मजल्यावर एकटी आहे, हे माहीत असूनही तिला दुसऱ्या मुलींजवळ हलविले गेले नाही, हा खरा दोष. सुटीत मुले कमी झाली की उरलेल्यांना एका मजल्यावर आणावे. मुलींच्या मजल्यावर रात्री स्त्री कर्मचारी असावी. कामगाराची पोलिसांकडून पडताळणी झालेली असावी. आणि त्याच्याविषयी कोणी शब्द काढला, तर तो किती जुना आणि विश्वासू आहे हे न सांगता चौकशी व्हावी. या चार गोष्टींना फार पैसा लागत नाही.

उलट, कडक शिस्तीचा अतिरेक घातकही ठरतो. जिथे उशीर झाला की अपमान होतो, घरी फोन जातो, तिथे मुली खरे सांगणे सोडून देतात. रात्री ताप चढला तरी रेक्टरचे दार वाजवीत नाहीत. कोणी वाटेत त्रास दिला तर ‘तू त्या वेळी बाहेर काय करीत होतीस?’ या प्रश्नाच्या भीतीने गप्प बसतात. भीतीपोटी गप्प बसणारे वसतिगृह वरून शांत दिसते, पण ते सुरक्षित नसते.

मुलगा आहे, राहील कसाही

मुलांच्या बाबतीत आपली चूक उलट्या दिशेने होते. ‘मुलगा आहे, राहील कसाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. रॅगिंग, व्यसन, मारहाण आणि मनाचा कोंडमारा हे सगळे मुलांच्याही वाट्याला येते, आणि ते सांगायची त्यांना अधिक लाज वाटते.

महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. पण या कायद्यातले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम फार थोड्यांना ठाऊक असते. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. तक्रारीकडे त्याने काणाडोळा केला, तर त्याने गुन्ह्याला मदत केली असे समजले जाते. म्हणजे ‘दुर्लक्ष कर’ असे सांगणाऱ्यालाही कायद्याने जबाबदार धरले आहे. पुढे २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले, प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती सक्तीची केली आणि १८००-१८०-५५२२ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक चालू केला. तरीही मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातील एका आदिवासी निवासी डॉक्टर तरुणीने जीवन संपविले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. डॉक्टर झालेल्या मुलीचीही ही गत, तर पहिल्या वर्षाच्या खेड्यातल्या मुलाने काय करावे?

मनाचे दुखणेही खुणा दाखविते. झोप उडते किंवा माणूस दिवसभर झोपून राहतो, जेवण सुटते, मित्र तुटतात, आपल्या वस्तू वाटून टाकल्या जातात, ‘आता कशातच अर्थ नाही’ अशी भाषा तोंडी येते. राजस्थानातील कोटा हे शिकवणीवर्गांचे शहर विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी बदनाम झाले. तेथे २०२३ साली एक साधी मोहीम सुरू करण्यात आली : वसतिगृहाच्या माणसांनी रात्री मुलांच्या दारावर टकटक करून ख्यालीखुशाली विचारायची, आणि मेसवाल्याने किंवा डबेवाल्याने कोणी जेवत नसेल तर कळवायचे. कोणते मूल जेवले नाही हे पोळ्या वाढणाऱ्याला सर्वांच्या आधी कळते. त्याला फक्त ते सांगण्याची मुभा आणि सांगण्याची जागा हवी. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर, मेसच्या दाराशी लावावा.

‘एकटा रेक्टर काय काय पाहणार?’

वसतिगृह चालविणारे यावर म्हणतील, ‘डॉक्टर, बोलणे सोपे आहे. दोनशे मुलांमागे एक रेक्टर. तोही दिवसा वर्गावर शिकवितो. पगार बेताचा. त्याने कोणाकोणाची नाडी पाहायची?’ त्यांचे म्हणणे खरे आहे. पुष्कळ ठिकाणी रेक्टरवर अन्यायच होतो. पण मी जे मागतो आहे त्याला जादा माणसे फार लागत नाहीत. एक तक्रारवही ठेवावी. त्यात तक्रारीची तारीख, आणि काय केले ते लिहिण्यासाठी शेजारी एक रकाना असावा. ज्या गोष्टी चारचौघांत लिहिता येत नाहीत त्यांच्यासाठी कुलूपबंद पेटी असावी आणि तिची किल्ली रेक्टरकडे नसून प्राचार्यांकडे असावी. प्रत्येक मजल्यावर मुलांनीच निवडलेला एक प्रतिनिधी असावा. आणि रात्रीची हजेरी सह्यांनी न घेता तोंड पाहून घ्यावी. सही दुसरा करू शकतो. उतरलेला चेहरा दुसऱ्याला लावता येत नाही.

वसतिगृह म्हणजे नुसती झोपण्याची जागा नव्हे, ही समज महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहिली, एकत्र जेवली. पैसा संपला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने दिले, मंगळसूत्रही मागे ठेवले नाही, हे सर्वश्रुत आहे. त्याच रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आज आपल्या पनवेलमध्ये आहे. त्या काळी ना कॅमेरे होते, ना रक्षक. आजच्या रेक्टरने दागिने विकावेत असे कोणी म्हणत नाही. पण या पोरांचे आई-वडील इथे नाहीत, म्हणून त्यांची विचारपूस आपण करायची, एवढी जाणीव त्या परंपरेतून उचलायला काय हरकत आहे?

पालकांनी काय करावे?

प्रवेश घेण्यापूर्वी वसतिगृहात किंवा फ्लॅटवर जा आणि मालकाशी बोलून झाल्यावर तेथे राहणाऱ्या एका जुन्या मुलाशी एकट्याने बोला. त्याला विचारा : गेल्या वर्षी तुम्ही कशाबद्दल तक्रार केली होती, आणि किती दिवसांत दुरुस्ती झाली? ‘तक्रार करायचीच वेळ आली नाही’ असे उत्तर आले तर खूश होऊ नका. तक्रार करायची सोयच नसेल. टाकीवरची तारीख पाहा, गीझर कुठे आहे ते पाहा, बाहेर पडायला दुसरा जिना आहे का ते पाहा. रात्री आजारी पडल्यास कोण नेते आणि कुठे नेते, हे स्पष्ट विचारा. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय आणि जवळचा एखादा दवाखाना मुलाला स्वतः दाखवून ठेवा.

मुलाजवळ त्याचा रक्तगट, ॲलर्जी आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी असू द्या. दम्याचा, फिटचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर तो खोलीतल्या सोबत्याला माहीत असला पाहिजे. आजार लपवून ठेवण्यात अब्रू नाही, धोका आहे. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक पाठ असावेत. मोबाइलची बॅटरी संपली तर पाठ केलेलेच उपयोगी पडतात.

आणि आठवड्याचा फोन. ‘जेवलास का?’, ‘अभ्यास कसा चाललाय?’ हे आपण सगळेच विचारतो. त्यात आणखी एक प्रश्न घाला : ‘तिथे खटकतंय असं काही आहे का?’ उत्तर आले की लगेच उपदेश करू नका, ‘परत ये’ म्हणून धमकावू नका आणि ‘दुर्लक्ष कर’ असे तर मुळीच म्हणू नका. ऐकून घ्या, रेक्टरला फोन करा, काय झाले ते आठवड्याने पुन्हा विचारा. नळाच्या पाण्याला वास येतो ही मुलाची तक्रार तुम्ही मनावर घेतली, तरच त्याहून मोठी आणि सांगायला कठीण गोष्ट घेऊन ते मूल तुमच्याकडे येईल.